दोन इंचांनी लांब चिमटा

माझ्या सायकलचा चिमटा बदलायची कल्पना माझी नव्हती. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्यात मीही काही कमी मूर्ख ठरले नाही, पण सुरुवातीचा मान ज्याचा त्याला मिळावा. चिमटा म्हणजे पुढचं चाक ज्या दोन पायांमध्ये बसतं तो भाग. माझे वडील चिमटाच म्हणायचे. आता आमच्या हिंदी मुलखातल्या बालाघाटच्या दुकानांत त्याला फोर्क म्हणतात, आणि सकाळी सकाळी अंगाला चिकटणारे रंगीत कपडे घालून फिरणारे लोक सस्पेन्शन म्हणतात. शब्द जितका लांब तितकी अक्कल आखूड, असा माझा अनुभव आहे.

मी नर्स आहे. भरवेलीच्या पुढे, जंगलाच्या बाजूला एक उपकेंद्र आहे, तिथे माझी ड्युटी. माझ्याकडे पाच गावं. त्यातली तीन सपाटीवर, तिथे कोणीही जाईल. उरलेली दोन वर, फॉरेस्ट नाक्याच्या चढापलीकडे. चढ दीड किलोमीटरचा, मुरूम आणि गोट्यांचा, मध्ये दोन वळणं अशी की समोरून बैलगाडी आली तर एकाने मागे सरकावंच लागतं. दर मंगळवारी लसींचा निळा डबा मागच्या कॅरिअरला रबरी पट्ट्याने बांधायचा आणि वर जायचं. डब्यात बर्फाच्या चार पट्ट्या असतात. भरला की चांगला जड होतो.

आधी माझ्याकडे साधी लेडीज सायकल होती. तिला मी चढावर ढकलत न्यायचे. सहा वर्षांपूर्वी गिअरची घेतली, जाड टायरची, पुढे लहानसा शॉकर असलेली. दुकानदाराने तेव्हा विचारलं होतं, "मॅडम, बच्चे के लिए?" मी म्हटलं, नाही, माझ्यासाठी. तो हसला. त्याच्या हसण्याला मी सहा वर्षं दर मंगळवारी उत्तर दिलं. त्या चढावर मी एकदाही उतरले नाही. घाम गाळला, शिव्या घातल्या, श्वास लागला, पण पाय टेकला नाही. वरच्या गावातल्या बाया मला ओळखायच्या त्या नर्स म्हणून नाही, चढावरून बसून येणारी बाई म्हणून. मला त्याचा गर्व होता. लपवायचं काय त्यात?

आता आमच्या घरातल्या सायकलपटूबद्दल. माझे यजमान सरकारी कचेरीत बाबू आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांची साखर वाढली, डॉक्टरने हिंडायला सांगितलं, आणि ते शहरातल्या एका सायकलवाल्या टोळीला जाऊन मिळाले. ते लोक तिला ग्रुप म्हणतात. आठ-दहा जण. एकाचं हार्डवेअरचं दुकान आहे, तो लीडर. सगळ्यांना एकसारखे पिवळे-काळे कपडे, हातात बोटं उघडी असलेले मोजे, डोळ्यांवर गॉगल. पहाटे निघतात, चौकात चहा पितात, फोटो काढतात, पुढच्या गावात पोहे खातात, पुन्हा फोटो काढतात आणि घरी येऊन दमतात. सगळ्यात मौज घाटाची. दर रविवारी घाट करतात म्हणे. मला वाटलं होतं घाट चढत असतील. नाही. लीडरच्या दुकानाच्या पिकअपमध्ये सायकली टाकतात, माथ्यावर नेतात, आणि तिथून खाली येतात. खाली! दगडही खाली येतो. त्याला कोणी मेडल देत नाही.

पण हे महत्त्वाचं आहे, म्हणून लक्षात ठेवा. सायकलीबद्दलचं त्यांचं सगळं ज्ञान उतारावरचं आणि रिकाम्या सायकलीवरचं होतं. खाली यायचं आणि मागे काहीही बांधलेलं नसायचं. एका चपट्या पाठपिशवीत पाण्याची नळी, बस.

लीडरने स्वतःसाठी नवा फोर्क मागवला आणि जुना काढला. जुना म्हणजे वर्षभर वापरलेला, चकाकणारा, सोनेरी नळ्यांचा. तो माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत भरला. लग्नाचा वाढदिवस जवळ आला होता. मी दोन दिवस बहिणीकडे गोंदियाला गेले होते, तेवढ्यात यांनी माझी सायकल लीडरच्या शेजारच्या सायकल-दुकानात नेली, माझा चिमटा काढायला लावला आणि तो सोनेरी बसवून घेतला. मी आले तर अंगणात सायकल उभी, हँडलला झेंडूचा हार, आणि बाजूला हे उभे, लहान मुलासारखं तोंड करून.

"कशी दिसून राह्यली?" म्हणाले.

दिसत छान होती. खोटं का बोलू? पुढून उचललेली, छाती काढून उभी असलेली.

"चालवून पाह्यली का कोणी?"

"मी पाह्यली, दुकानदारानं पाह्यली, लीडरनं सोता पाह्यली. मख्खन आहे मख्खन."

कुठे पाहिली? दुकानासमोरच्या डांबरी रस्त्यावर. कशी पाहिली? रिकामी. दुकानदार तर हात सोडून चालवून आला म्हणे. आमच्या गावात सायकल तपासायची हीच पद्धत आहे. सरळ रस्त्यावर हात सोडून दाखवायचे, बघणाऱ्यांनी माना डोलवायच्या, झालं. माझे वडील भरवेलीच्या खाणीत फिटर होते. ते सायकल दुरुस्त केली की मागे तांदळाचं पोतं बांधून चालवून बघायचे. जी सायकल ओझं वाहते ती ओझ्यानेच तपासायची, एवढी साधी गोष्ट. पण त्या दिवशी मलाही ती आठवली नाही. हार बघून माणूस विसरतोच.

पहिल्या मंगळवारी निघाले. बसल्याबरोबर कळलं की पाय जमिनीला टेकत नाहीत. आधी अंगठे टेकायचे, आता अधांतरी. म्हटलं, असू दे. गल्लीच्या तोंडाशी हळू वळायला गेले तर हँडल आपणहून आत पडलं, जसं काही कोणी बाजूला बसून ओढलं. नालीत जाता जाता वाचले. पण सपाट सडकेवर वेग आल्यावर सायकल इतकी शांत चालली की मला नवऱ्याचं कौतुक वाटलं. तेवढं श्रेय देते. सरळ आणि जोरात जायचं असेल तर तो चिमटा झकास होता. खड्डे गिळायचा.

मग चढ आला.

पहिल्या शंभर पावलांतच पुढचं चाक भटकायला लागलं. मी डावीकडे जाऊ बघावं, ते उजवीकडे. जोर लावला की चाक हलकं व्हायचं, हातात काही लागायचंच नाही, आणि हँडल रिकामं फिरायचं. पहिल्या वळणावर मोठा गोटा होता, त्यावर चढताना चाक जमिनीवरून उचललं गेलं, आणि मी सायकलसकट मागे, मग बाजूला, घाणेरीच्या झुडपात. पहिली गोष्ट मी डबा बघितला. डबा शाबूत होता. मग कोपर बघितलं. ते शाबूत नव्हतं.

त्या दिवशी मी सहा वर्षांत पहिल्यांदा सायकल ढकलत वर गेले. वरच्या गावची आशा कार्यकर्ती शाळेच्या ओट्यावर वाट बघत बसली होती. माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान, बोलायला फटकळ, पण घराघरातलं लेकरू तिला ठाऊक. तिने मला पायी येताना बघितलं आणि उठून सायकल धरायला पुढे आली. टोमण्याऐवजी मदत, याचंच मला जास्त लागलं.

घरी येऊन यांना सांगितलं की सायकल चढावर चालत नाही.

"सवय नाही अजून. होईन."

दुसऱ्या मंगळवारी पुन्हा पडले, पुन्हा सांगितलं. तिसऱ्या मंगळवारी पडले नाही, कारण चढाच्या पायथ्यालाच उतरले. पुन्हा सांगितलं. आता हे मला दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने सायकल हलवली, दाबली, पुन्हा डांबरावर हात सोडून एक चक्कर मारली. मग मला समजावलं, जसं बालवाडीत समजावतात. "मॅडम, ये प्रो सेटिंग है. बॉडी को आगे लाना पड़ता है. आपकी टेक्निक पुरानी है." लीडर पण तिथेच होता. दुसऱ्याच्या दुकानात उभं राहून अक्कल पाजळायची त्याला फार हौस. तो यांच्याकडे बघून म्हणाला, माझ्याकडे नाही, "वहिनींचं वय पण पहा ना भाऊ. चढ म्हणजे काय खेळ आहे?" आणि वर हसून, "नाचता येईना, अंगण वाकडे."

मी ऐकून घेतलं. जी बाई दुसऱ्याच्या घरात शिरून सासूला दटावते, दारुड्या बापाच्या हातातून लेकरू काढून टोचते, तिने हे ऐकून घेतलं. अंगण खरंच वाकडं असेल तर? हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही. उलट मी शरीर पुढे आणायला लागले. हँडलवर ओणवं होऊन, सीटच्या टोकावर बसून, नाक चाकाला लागेल इतकं. त्याने पाठ धरली. आणि गुडघे खरंच दुखायला लागले.

गुडघे दुखले, मग तर काय, पुरावाच सापडला. यांनी आयुर्वेदिक तेल आणलं. रोज संध्याकाळी स्वतः चोळून द्यायचे, हे कबूल करते. चोळता चोळता म्हणायचे, "आता किती दिवस हे सायकल-सायकल? स्कूटी घेऊ ना आपण." मी म्हणायचे, त्या गोट्यांवर स्कूटी जाईल का? ते म्हणायचे, मग वरची गावं दुसऱ्याला दे. आमच्या डॉक्टर साहेबांना गुडघ्याचं दाखवलं. त्यांनी गुडघा न बघताच सांगितलं, "इस उम्र में लेडीज को होता है." डिग्री घेऊन हे सांगतात. हे तर माझी सासूपण सांगायची, आणि तिने शाळा बघितली नव्हती.

मी अठ्ठेचाळीस वर्षांची. चार माणसं चार दिशांनी तेच सांगत होती, आणि शरीरही तेच सांगत होतं. सातव्या आठवड्यात मी अर्ज लिहिला. वयोमानामुळे व गुडघ्याच्या त्रासामुळे मला चढावरील दोन गावांचं काम करणं शक्य नाही, तरी ती अन्य कर्मचाऱ्याकडे सोपवावीत. हिंदीतून, सरकारी भाषेत, खाली सही. डॉक्टर साहेबांनी तो मोठ्या प्रेमाने ठेवून घेतला. सायकल घरी पडवीत भिंतीला लागली. मी सपाटीच्या तीन गावांना ऑटोने जायला लागले.

वरची गावं एका मोटारसायकलवाल्या कर्मचाऱ्याकडे गेली. आशाचा फोन यायचा. "तो येते बाई, शाळंत बसते दोन घंटे, मोबाइल पाह्यते, जाते. टोल्यावर काही जात नाही." टोला म्हणजे गावापासून वेगळी पडलेली वस्ती, नाल्यापलीकडे. तिथल्या बाया लेकरं घेऊन शाळेपर्यंत येत नाहीत, त्यांच्या दारात जावं लागतं. तिथे तीन तान्ही होती. त्यांच्या लसीची वेळ टळत होती. मला त्यांची घरं माहीत होती. एकीच्या घरासमोर कुत्रा बांधलेला असतो, त्याचं तोंड कोणत्या बाजूला असतं तेसुद्धा माहीत होतं. आणि मी ऑटोत बसून सपाटीवर हिंडत होते. मला स्वतःची किळस येत होती, पण त्याला मी वय म्हणत होते.

पावसाळा संपला आणि मी पडवीच्या भिंतीला चुना मारायला काढला. सायकल बाजूला घेतली. भिंतीवर एक काळा डाग होता. सहा वर्षं मी सायकल त्याच एका जागी टेकवत आले, हँडलच्या रबरी मुठीने घासून घासून तो डाग पडला होता, चांगला बोटभर रुंद. त्याच्या वर, वेगळा, फिकट असा दुसरा डाग. तो नवा. मी ब्रश हातात धरून उभी राहिले. भिंत वाढत नाही. जमीन खचली नव्हती. मग मूठ वर कशी गेली?

टेप आणला. दोन डागांत दोन इंचांना जरासं कमी.

माझं डोकं उशिरा चालतं, पण चालायला लागलं की थांबत नाही. एका दोऱ्याला नट बांधला आणि ओळंबा करून सायकलशेजारी धरला. माझ्याकडे सायकलचा जुना फोटो होता, नवी घेतली त्या दिवशीचा, आजूबाजूला कोणी नाही, फक्त सायकल याच भिंतीला लावलेली. फोटोत सीटचा दांडा आणि दारच्या चौकटीची उभी कड यांच्यामध्ये जेवढं अंतर, त्याहून आता बरंच जास्त. सीट मागे झुकली होती, इंचाहून जास्त. पायडलचा मधला गोळा वर आला होता, पाऊण इंच तरी. म्हणून पाय टेकत नव्हते. चिमटा आधी जेवढा उभा होता तेवढा उभा राहिला नव्हता, पुढे पसरला होता. म्हणून हळू वळताना हँडल आत पडायचं.

हे मला कळायला पाहिजे होतं, कारण हे मी रोज करते. पेशंटचं डोकं वर करायचं असेल तर आम्ही खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवतो. विटा फक्त डोक्याकडे ठेवतो, पण कलते सगळी खाट. पेशंट पायांकडे सरकतो, चादर सरकते, तांब्या सरकतो. माझ्या सायकलच्या पुढच्या चाकाखाली या शहाण्यांनी विटा ठेवल्या होत्या, आणि मी सबंध मागे सरकले होते. त्यात कॅरिअरवर जड डबा, तोही मागच्या चाकाच्या मागे. चढावर तर खाट आणखीच कलते. पुढचं चाक उडेल नाही तर काय करेल? वर आणखी एक गंमत. मी सीटवर बसून हँडलवर भार टाकला आणि मान वाकवून बघितलं, तर सोनेरी नळ्या जागच्या हलल्या नाहीत. माझा जुना शॉकर माझ्या वजनाने इंचभर खाली बसायचा. हा नव्वद किलोच्या हार्डवेअरवाल्यासाठी कसलेला. माझ्यासारखी सत्तेचाळीस किलोची बाई त्याच्या हिशेबात बसलेली माशी. म्हणजे दोन इंच कागदावर, अंगावर तीन.

मी निळा डबा आणला, बर्फाच्या पट्ट्यांऐवजी पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि कॅरिअरला बांधला. मग हँडल एका बोटाने उचललं. एका बोटाने. चाक वर आलं, मांजराचं पिल्लू मानेला धरून उचलावं तसं.

मला रडू आलं. रागाने आलं. इतके आठवडे मी गुडघ्याला तेल लावत होते!

रविवारी हे पोहे खाऊन परत आले तेव्हा मी तयार होते. म्हटलं, चला माझ्यासोबत नाक्यापर्यंत. माझी सायकल तुम्ही चालवा, मी तुमची घेते. डबा बांधलेलाच राहू द्या.

"डबा कायले?"

"मी दर मंगळवारी असाच नेत होते. तुमी एकदा न्या."

त्यांना नाही म्हणायचं होतं, पण ग्रुपमधल्या माणसाला बायकोसमोर नाही म्हणणं जड जातं. नाक्यापर्यंत छान आले. चढ लागला. मी मागे होते. पिवळे-काळे कपडे माझ्यासमोर डावीकडे गेले, उजवीकडे गेले, पुन्हा डावीकडे. ते ओणवे झाले. मग सीटवरून उठले, त्याने मागचं चाक सरकलं. पुन्हा बसले, त्याने पुढचं उचललं गेलं. पहिल्या वळणापर्यंतही पोचले नाहीत. पाय टेकायला गेले, पाय टेकेना, आणि हळूच, अगदी सावकाश, झुडपात आडवे झाले. त्याच झुडपात. मला हसू आवरलं नाही, आणि आवरायची इच्छाही नव्हती.

उठले. कपडे झटकले. डब्याकडे बघितलं, चाकाकडे बघितलं. मग म्हणाले, "तू सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं होतं. तीनदा सांगतलं. तुमी तेल आणून देल्लं."

त्यांनी डब्याचा रबरी पट्टा पुन्हा आवळला. हा माणूस वाईट नाही, हेच तर अवघड आहे. वाईट असता तर मी त्याचं ऐकलंच नसतं. रोज संध्याकाळी गुडघे चोळून देणाऱ्यावर माणूस विश्वास ठेवतो.

माझा जुना चिमटा दुकानात छताच्या हुकाला टांगलेला सापडला. दुकानदार म्हणाला, "ये लगाओगे? मॅडम, पीछे जा रहे हो आप." मी म्हटलं, मागे तर तुम्ही पाठवलं होतं, आता पुढे जायचंय. त्याला समजलं नाही. चिमटा बसवला आणि सवयीने सायकल रस्त्यावर काढून हात सोडायला निघाला. मी हँडल धरलं. डबा बांधला, आणि दुकानामागे धान्य गोदामाकडे जाणारी चढण आहे, तिच्यावरून स्वतः वर जाऊन आले. चाक जमिनीला चिकटून होतं. लीडर आपल्या दुकानाच्या दारातून बघत होता. "खाली येताना मजा नाही येणार वहिनी," म्हणाला. खरंच सांगत होता, उतारावर जुना चिमटा हाडं खिळखिळी करतो. मी म्हटलं, "भाऊजी, मी उतरायसाठी नाही जात. लेकरं वर आहेत."

आता राहिला अर्ज. डॉक्टर साहेबांकडे गेले, म्हटलं, परत घ्यायचाय. त्यांनी चष्मा वर केला. "घुटना ठीक हो गया?"

"घुटने को कुछ हुआ ही नहीं था, साहब. साइकल को हुआ था."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की आता हिला डोक्याची गोळी लिहून द्यावी की काय. पण मोटारसायकलवाला कर्मचारी पेट्रोलवरून कुरकुर करतच होता, त्यामुळे वरची गावं मला परत मिळाली. माझी कळकळ बघून नव्हे, त्याचा आळस बघून. असंच होतं आमच्याकडे.

मंगळवारी वर गेले. गुडघे दुखले, पाठ दुखली, दुसऱ्या वळणावर तर डोळ्यांपुढे अंधारी आली, कारण सात आठवडे पडणं आणि वर अडीच महिने ऑटोत बसणं शरीर विसरत नाही. पण उतरले नाही. शाळेच्या ओट्यावर आशा उभी राहिली. मी सायकल टेकवली, डबा सोडला, आणि थेट म्हटलं, टोल्यावर चल.

नाला ओलांडला. कुत्र्याच्या घरापाशी पहिलं लेकरू. त्याची आई दारात आली आणि तिने लेकराला छातीशी घट्ट धरलं. मला ओळखत होती ती, पण तिच्या तोंडावर हसू नव्हतं. तिने आशाला गोंडीत काहीतरी विचारलं. लेकराच्या लसी अडीच महिन्यांवर व्हायला हव्या होत्या, ते आता पाच महिन्यांचं होत आलं होतं. दुसऱ्या घरी तर कोणी नव्हतंच. ती बाई लेकरू घेऊन माहेरी निघून गेली होती, कधी येईल ते कोणाला माहीत नव्हतं. तिसरं तापाने फणफणलेलं. त्याला त्या दिवशी टोचता येईना.

तीनपैकी एक. मी ओसरीवर बसून डबा उघडला, सुई काढली, पोराची मांडी पुसली. आई काहीतरी बोलली. आशाने मला सांगितलं, "ते म्हणते, तिनं रोज रस्ता पाह्यला. मंग त्या गाडीवाल्यानं गावात सांगतलं का बाई आता म्हातारी झाली, तिच्यानं चढ होत नाही. तं तिनं रस्ता पाह्यनं सोडलं."

पोर रडायला लागलं. मी टोचून झालेली सुई वेगळ्या डबीत टाकली, मांडीवर बोट दाबून धरलं.

"कोणं सांगतलं वो त्याले असं?" आशाने विचारलं. तिचा आवाज चढला होता, माझ्या बाजूने भांडायला निघाल्यासारखा. "नाव सांगा. मी पाह्यतो त्याले."

मी नवऱ्याचं नाव घेऊ शकले असते. दुकानदाराचं, लीडरचं, डॉक्टर साहेबांचं. चौघेही त्या लायकीचे होते.

"मीच सांगतलं," मी म्हटलं. "लिहून देल्लं, खाली सही करून."